पंपाला हात सगळ्यात शेवटी

जुनी डिझेल पिकअप ॲव्हरेज देईना झाली की गाडीवाला गॅरेज गाठतो आणि मिस्त्री बॉनेट उघडून सरळ डिझेल पंपाकडे बोट दाखवतो. "पंप-नोझल करून घ्या, मग बघा गाडी कशी पळते." गाडी चार दिवस उभी राहते, बुडालेली भाडी धरून खर्च पाच आकड्यांत जातो, आणि महिन्याने हिशेब केला तर ॲव्हरेज होतं तिथंच. कारण मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक धरत होता आणि तिकडे कुणी बघितलंच नाही.

जुन्या गाडीचं ॲव्हरेज सहसा एका कारणानं पडत नाही. थोडं टायरमधल्या कमी हवेनं खाल्लेलं असतं, थोडं चिकटलेल्या ब्रेकनं, थोडं एअर फिल्टरनं आणि बरंचसं ड्रायव्हरच्या उजव्या पायानं. यातली बहुतेक कामं शेकड्यांत, फार तर हजार-दोन हजारांत होतात. पंप आणि नोझल हे मात्र महाग काम, नाजूक काम, आणि एकदा बिघडवलं की निस्तरायला अवघड. म्हणून तपासणीचा क्रम उलटा लावायचा. स्वस्त आणि हातानं बघता येण्यासारखं आधी, पंप सगळ्यात शेवटी.

हे मुख्यतः अडीच-तीन लिटरच्या जुन्या गाड्यांसाठी लिहितोय. बोलेरो पिकअप आणि कॅम्पर, टाटा २०७, आणि त्या जमान्यातल्या त्यांच्या भावंडांसाठी. २००५ साली आलेला टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, त्याचं ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन अगदी वेगळं. पण चाक, हवा आणि डिझेल यांचे नियम त्यालाही हेच.

पहिल्यांदा एक गोष्ट स्वतः बघून ठेवा: तुमच्या गाडीला जुना मेकॅनिकल पंप आहे की कॉमन रेल. पंपातून निघालेल्या बारीक लोखंडी नळ्या प्रत्येक नोझलपर्यंत वेगवेगळ्या जात असतील आणि नोझलला वायर नसेल, तर मेकॅनिकल. सगळ्या नळ्या एका जाड आडव्या नळीला जोडलेल्या असतील आणि प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर वायरचा कपलर असेल, तर कॉमन रेल. पुढं बऱ्याच ठिकाणी या फरकावर सगळं ठरतं.

आधी मोजायला शिका

"पूर्वी तेरा द्यायची, आता अकरावर आली" हे वाक्य रोज ऐकायला मिळतं. तेरा कशावरून, असं विचारलं की उत्तर नसतं. हजार रुपयांचं डिझेल टाकून काटा कुठं गेला यावर ॲव्हरेज काढता येत नाही. टाकी फुल्ल करायची, पेट्रोल पंपावरचा नोझल पहिल्यांदा आपोआप कट झाला की थांबायचं, रीडिंग लिहायचं. पुन्हा डिझेल भरायची वेळ येईल तेव्हा त्याच पेट्रोल पंपावर, शक्यतो त्याच मशिनवर, परत पहिल्या कटपर्यंत. पैसे राउंड करायला वरून दोन-तीनशे मिली ओतलं की हिशेब बिघडला. एका फेरीचा आकडा फसवा असतो. तीन-चार वेळा फुल्ल करून सगळे किलोमीटर आणि सगळे लिटर एकत्र धरा.

वहीत नुसतं रीडिंग नको. शेजारी माल आणि रस्ता लिहा: कांदा, वाशी, येताना रिकामी. टोमॅटो, नारायणगाव, दोन तास गाडी लायनीत. असं लिहिलं तरच दोन आठवड्यांची तुलना होते. नाहीतर घाटातलं भरलेलं भाडं आणि सपाटीवरचं रिकामं भाडं एकाच तराजूत पडतं.

रीडिंग तरी खरं आहे का? जुन्या गाडीवर कुणीतरी वेगळ्या साइजचे टायर चढवलेले असतात. चाक मोठं झालं की मीटर कमी किलोमीटर दाखवतो, लहान झालं की जास्त, आणि मालक उगाच डिझेलच्या नावानं बोटं मोडतो. हायवेवर तीस-चाळीस किलोमीटर मोबाइलच्या नकाशाशी मीटर ताडून बघितला की शंका मिटते.

मापाची शंका असेल तर पेट्रोल पंपावर पाच लिटरचं शिक्क्याचं माप ठेवलेलं असतं. ते मागून खात्री करून घेण्याचा ग्राहकाला हक्क आहे. पाच लिटरला पंचवीस मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो, त्यापुढचा नाही. भल्या पहाटे भरलं की जास्त डिझेल मिळतं हा समज मात्र सोडून द्या. टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही.

आता पैशांचं. महिन्याला तीन हजार किलोमीटर आणि डिझेल नव्वद रुपये धरू. अकराचं ॲव्हरेज तेरावर नेलं तर महिन्याला जवळजवळ ४२ लिटर वाचतात, म्हणजे पावणेचार हजार रुपये. पण हाच दोन किलोमीटरचा फरक नऊवरून अकरा असा असेल तर साठ लिटर वाचतात, आणि तेरावरून पंधरा असा असेल तर फक्त एकतीस. घरी दोन गाड्या असतील तर खर्च आधी कुठल्या गाडीवर करायचा, ते यावरून कळतं. लोक नेमकं उलटं करतात: बऱ्या गाडीला आणखी सजवतात आणि डबड्या गाडीला "ती आता अशीच" म्हणून सोडून देतात.

चाकं

सगळ्यात जास्त वेळ इथं घाला.

दहा-पंधरा किलोमीटर सपाट रस्त्यानं, ब्रेक जेमतेम वापरून गाडी आणा. शेवटी ब्रेक न मारता, वेग आपोआप जिरू देऊन थांबवा. आता चारही चाकांच्या मध्याजवळ तळहात न्या. टेकवू नका, धरत असलेला ड्रम कातडी भाजण्याइतका तापतो. तीन चाकं कोमट आणि एक कढत असेल तर चोर सापडला. मग ते चाक जॅकवर उचलून हातानं फिरवा. हलका घासल्याचा आवाज चालतो. पण ढकलल्यावर चाक अर्ध्या फेऱ्यात थांबत असेल तर लायनर ड्रमला चिकटून चाललाय.

कारणं ठरलेली आहेत. हँडब्रेकची केबल गंजून परत येत नाही, हे पावसाळ्यानंतर हमखास. व्हील सिलिंडरचा पिस्टन अडकतो. शूची स्प्रिंग ढिली पडते किंवा तुटते. आणि पुष्कळदा, ब्रेक "वर" हवा म्हणून ड्रायव्हरनंच ॲडजस्टर जास्त आवळून घेतलेला असतो. पुढं डिस्क असेल तर कॅलिपरच्या पिना सुकलेल्या असतात. साफ करून त्यांचं खास ग्रीस लावलं की मोकळ्या होतात. साधं ग्रीस तिथं चालत नाही, रबर फुगतं.

बेअरिंगचंही तसंच. ढिलं बेअरिंग आवाज करतं म्हणून लक्षात येतं, अति आवळलेलं गुपचूप तापत राहतं.

हवेबद्दल सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी करत नाही. दाराच्या चौकटीवर किंवा मॅन्युअलात पुढच्या-मागच्या टायरचं प्रेशर दिलेलं असतं, तेच धरा. सकाळी, टायर थंड असताना. धावून तापलेल्या टायरमध्ये आकडा वाढलेला दिसतो. तो बघून हवा कमी केली तर थंड झाल्यावर टायर बसतो. नायट्रोजन भरल्यानं ॲव्हरेज वाढत नाही, वेळेवर साधी हवा बघितल्यानं वाढतं. टायर बदलायची वेळ आलीच असेल आणि अजून नायलॉन वापरत असाल तर रेडियल घ्या. ते रस्त्यावर कमी ओढ घेतात.

अलाइनमेंट बिघडलंय का, हे मशिनवर चढवण्याआधी हाताला कळतं. पुढच्या टायरच्या नक्षीवरून तळहात आधी बाहेरून आत आणि मग आतून बाहेर फिरवा. एका दिशेनं गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेनं करवतीसारखं टोचत असेल तर टो बिघडलेला आहे. टायर सरळ लोळत नाही, तो रस्त्यावर आडवा घासत चाललाय, आणि त्या घासण्याचं डिझेल तुम्ही भरताय.

याहून लपून राहणारी भानगड मागं असते. ओव्हरलोडनं पाट्याचा सेंटर बोल्ट तुटतो, मागचा ॲक्सल एका बाजूनं बोटभर सरकतो आणि गाडी तिरकी चालायला लागते. ड्रायव्हर नकळत स्टिअरिंग थोडं वळवून धरतो आणि त्याला सवय होते. फक्त पुढची चाकं तपासणाऱ्या अलाइनमेंटमध्ये हे सापडत नाही. ओल्या रस्त्यावरून कोरड्या डांबरावर गाडी सरळ काढा आणि मागं उमटलेले पट्टे बघा. पुढच्या-मागच्या चाकांच्या खुणांमधलं अंतर डावीकडं-उजवीकडं सारखं नसेल तर गाडी पाटेवाल्याकडं न्या, अलाइनमेंटवाल्याकडं नंतर.

हवा आणि धूर

उसाच्या सीझनमध्ये शेतरस्त्यानं, वीटभट्टीवर किंवा खडीच्या कामावर चालणाऱ्या गाडीला मॅन्युअलातलं एअर फिल्टरचं वेळापत्रक लागू होत नाही. तिथं ते निम्म्यावर आणा. फिल्टर काढून आतून टॉर्च लावा. कागदाच्या घड्यांतून उजेड झिरपला नाही तर फिल्टर गेला. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं फुंकायचा असेल तर आतून बाहेर, लांबून, हलक्या हवेनं. नळी टेकवून पूर्ण जोरानं मारली की कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. मग फिल्टर स्वच्छ दिसतो आणि धूळ थेट इंजिनात जाते. फार जुन्या गाडीला ऑइल बाथचा एअर क्लीनर असेल तर वाटीतलं ऑइल बदला. त्यात गाळाचा चिखल झाला की तो काही अडवत नाही.

फिल्टरपुढची, म्हणजे फिल्टर ते इंजिन अशी जी रबरी नळी जाते, तिच्या आतून बोट फिरवून बघा. बोटाला धूळ लागली तर कुठंतरी फट आहे. ही धूळ रिंगा आणि लायनर खाते, आणि मग ॲव्हरेजचा विषय राहत नाही, इंजिनच्या कामाचा होतो. टर्बोची गाडी असेल तर टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या पाइपचे क्लॅम्प बघा. क्लॅम्पजवळ तेलकट काळा डाग, चढावर फुस्स आवाज आणि मागं काळा धूर, हे तिन्ही एकत्र दिसले तर पाइप फाटलाय. काम थोडक्यात होतं. याच लक्षणावर लोकांचे टर्बो बदलले गेलेत.

धुराचा रंग वाचता आला तर अर्धं निदान घरीच होतं. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी: फिल्टर चोक, पाइप फुटका, नोझल थेंब गाळतोय, ईजीआर काजळीनं अडकून उघडा राहिलाय, किंवा नुसता ओव्हरलोड. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय: रिंगा, वॉल सील किंवा टर्बोचं सील. पांढरा धूर थंडीत सकाळी दोन मिनिटं निघाला तर चालतं. गरम झाल्यावरही राहिला आणि डोळ्यांना झोंबला तर ते न जळलेलं डिझेल आहे, टायमिंग किंवा कॉम्प्रेशन बघा. गोडसर वास येत असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट. अशी गाडी पुढं दामटू नका.

काळ्या धुराला आणखी एक किंमत आहे. पीयूसीत बीएस-फोर डिझेल गाडीला धुराच्या दाटपणाची ५० हार्ट्रिजची मर्यादा आहे, त्याआधीच्या गाड्यांना ६५ ची. फिटनेसलाही हा धूर आडवा येतो: आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला ते दर वर्षी करावं लागतं, आणि गाडीचं वय वाढेल तशी फीही वाढत जाते.

डिझेलची वाट

टाकीच्या झाकणापासून सुरुवात करा. किती तरी पिकअपना मूळ झाकण हरवल्यावर कुठलं तरी बसवलेलं असतं, नाहीतर चिंधी कोंबलेली असते. चिंधीतून धूळ आणि पावसाचं पाणी जातं. बिनभोकाचं झाकण बसलं तर दुसराच त्रास: डिझेल ओढलं जातं तशी टाकीत हवा शिरायला जागा हवी, ती नसली की टाकीत व्हॅक्यूम धरतो आणि गाडी तासाभराने दम तोडायला लागते. झाकण उघडल्यावर फस्स होऊन हवा आत ओढली गेली आणि गाडी परत नीट पळाली, तर दोष झाकणाचा. याही लक्षणावर पंप उतरवणारे आहेत.

वॉटर सेपरेटरच्या तळाचा स्क्रू पावसाळ्यात दर आठवड्याला सोडायचा. खाली काचेची बरणी धरून कपभर डिझेल काढा आणि दहा मिनिटं तशीच ठेवा. पाणी असेल तर तळाशी वेगळं दिसतं, मध्ये सरळ रेघ. रोटरी पंप असलेल्या गाडीत हे फार महत्त्वाचं, कारण त्या पंपाला वंगण असतं ते डिझेलचंच. लांबट इनलाइन पंपाला निदान कॅमच्या बाजूला इंजिन ऑइल मिळतं. रोटरीला डिझेल सोडून काही नाही. पाण्याचे थेंब गेले की आतले भाग गंजतात आणि मग खरोखरच पंपवाल्याचं दार गाठावं लागतं. शेतावर कॅनमध्ये साठवलेलं डिझेल गाडीत ओतायचं असेल तर कॅन रात्रभर स्थिर ठेवा आणि तळातलं दोन बोटं ओतू नका. रात्री टाकी रिकामी ठेवण्यापेक्षा भरलेली बरी, मोकळ्या जागेतल्या हवेतलं पाणी आत साचत नाही.

गळती बघताना दाबाच्या नळ्यांपेक्षा रिटर्नच्या बारीक नळ्या जास्त बघा. नोझलवरून फिरणारी सुती वेष्टणाची रबरी नळी उन्हानं तडकते, थेंब थेंब सोडते, आणि धूळ बसून तिथं काळा चिकट थर होतो. नळीला मोजके पैसे पडतात. डिझेल फिल्टर मात्र नावाचा घ्या. स्वस्तातल्या फिल्टरनं वाचवलेले पैसे नोझलवाला वसूल करतो.

थर्मोस्टॅट काढणाऱ्यांसाठी

उन्हाळ्यात गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायची खोड आपल्याकडं घराघरांत पोचलीय. गाडी तात्पुरती थंड राहते हे खरं. पण डिझेल इंजिन ऐंशी अंशांच्या आसपास पाणी तापल्यावर नीट जळण करतं. थर्मोस्टॅट नसला की सकाळच्या खेपेला ते पंधरा-वीस किलोमीटर थंडच चालतं, डिझेल जास्त पितं, ऑइल घट्ट राहतं आणि रिंगा लवकर झिजतात. गाडी गरम होण्याचं कारण दुसरीकडं असतं: बोअरचं क्षाराचं पाणी घालून जाम झालेला रेडिएटर, बाहेरून फिन्समध्ये बसलेला भुसा आणि चिखल, ढिला फॅन बेल्ट. रेडिएटर साफ करून कूलंट भरा आणि थर्मोस्टॅट परत बसवा. कधी कधी या एका कामानं मिळालेलं ॲव्हरेज बघून मालकाचा विश्वास बसत नाही.

इंजिन ऑइल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचं, बहुतेक जुन्या गाड्यांना १५डब्ल्यू-४०. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपुढं भरू नका, जास्तीचं ऑइल इंजिनला ओझं होतं. न भरताच पातळी वाढताना दिसली तर बोटानं वास घ्या: डिझेलचा वास आला तर डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. गाडी तिथंच थांबवा.

   

पाय आणि माल

हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. साठवरून ऐंशीवर गेलात तर तो पावणेदोन पटींहून जास्त होतो, आणि पिकअपची उभी केबिन आणि त्यावर रचलेली क्रेट म्हणजे हवेला आडवी भिंतच. पेट्रोलियम कॉन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन वर्षानुवर्षं ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेग ठेवा असं सांगत आलीय. हायवेवर रोज एवढ्या हळू जाणं जमत नाही, हे मान्य. पण ऐंशीची गाडी साठ-पासष्टवर आणली तरी पुण्याहून नाशिकला पोचायला फार फरक पडत नाही. वेळ जातो तो चाकणच्या गर्दीत, आणि तिथं वेग कुणाच्याच हातात नसतो.

कडबा वाहणाऱ्यांना एक कोडं पडतं: वजन काहीच नाही, मग ॲव्हरेज कांद्याच्या भाड्याइतकं का पडतं? कारण तेच, उंची आणि रुंदी. हलका पण आकारानं मोठा माल असेल तर वेग आणखी कमी ठेवा, ताडपत्री ताणून बांधा. फडफडणारी ताडपत्री डिझेल खाते आणि स्वतःही फाटते.

ओव्हरलोडबद्दल उपदेश नको, आकडे पुरेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली वीस हजार रुपये, आणि वर जास्तीच्या प्रत्येक टनाला दोन हजार. त्यात पाटे, क्लच प्लेट आणि मघाचा सेंटर बोल्ट मिळवा.

उतारावर न्यूट्रल करणं हा महाराष्ट्राच्या घाटांतला जुना आजार. गाडी गियरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की पंप डिझेल देणं जवळजवळ बंद करतो. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला आयडलचं डिझेल लागतंच. म्हणजे न्यूट्रलनं वाचत काही नाही, वर इंजिन ब्रेकिंग गेलं. चावी बंद करून उतरणारे तर जिवाशी खेळतात. ब्रेक हलका करणारा व्हॅक्यूम अनेक डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या मागच्या पंपातून येतो. इंजिन बंद पडलं की दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगड होतो. खंबाटकी असो की कसारा, ज्या गियरमध्ये चढलात त्याच्या आसपासच्याच गियरमध्ये उतरा.

चढावर उलट चूक होते. वरच्या गियरमध्ये पाय पूर्ण दाबून इंजिन घरघरत ठेवायचं, काळा धूर सोडायचा, पण गियर टाकायचा नाही. एक गियर खाली टाका, धूर कमी होईल. चढावर इंजिनचा आवाज वाढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, असं झालं तर क्लच घसरतोय.

मार्केट यार्डात नंबर येईपर्यंत चालू ठेवलेलं इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर पितं. टर्बोची गाडी बंद करण्याआधी अर्धा-एक मिनिट आयडल द्या, त्याहून जास्त नको.

आणि मालकांना एक सांगायचंय. ॲव्हरेजची वही ड्रायव्हरवर डिझेलचोरीचा संशय घ्यायला वापरलीत की दुसऱ्या आठवड्यापासून त्या वहीत खोटे आकडे येतील. वाचलेल्या डिझेलमधला वाटा त्याला द्या. चाकाजवळ हात नेऊन ब्रेक धरतोय का, हे तोच रोज बघू शकतो, तुम्ही नाही.

डिझेलच्या नळीला लावायचे मॅग्नेट, टाकीत टाकायच्या गोळ्या, दुप्पट ॲव्हरेजच्या बाटल्या यांत पैसे घालू नका. रॉकेल मिसळणं तर पंपाचं मरण, त्यात वंगण नसतं. हल्लीच्या १० पीपीएम गंधकाच्या डिझेलनं जुने पंप झिजतात म्हणून टू-टी ऑइल मिसळणारे आहेत. डिझेलच्या बीएस-सिक्स मानकात वंगणक्षमतेची अट आहे, त्यासाठी रिफायनरी त्यात द्रव्य मिसळते. वेगळं काही घालायची गरज नाही.

आता पंप

वरचं सगळं करून, तीन-चार टाक्या मोजून झाल्या, तरी काळा धूर आहे, ओढ नाही आणि ॲव्हरेज खालीच आहे, तर पंपाकडं वळा. त्याआधी आणखी दोन मिनिटं द्या. इंजिन गरम आणि आयडलवर असताना ऑइल भरायचं झाकण सोडून बघा. थोडी वाफ चालते. भपाभप दमानं धूर येत असेल तर रिंगा गेल्यात. अशा इंजिनवर पंपाला खर्च करणं म्हणजे पैसे त्याच धुरात सोडणं. आधी कॉम्प्रेशन तपासून घ्या.

मेकॅनिकल पंप असेल तर पहिल्यांदा फक्त नोझल काढून टेस्टरवर लावायला सांगा आणि शेजारी उभे राहा. फवारा बारीक आणि सारखा हवा, कट झाल्यावर टोकाला थेंब लटकायला नको, उघडण्याचा दाब सगळ्यांचा सारखा हवा. दोष नोझलमध्येच सापडला तर पंप उतरवायची गरज नाही. बसवताना तांब्याचे वॉशर नवीन. पंप उतरवावाच लागला तर बेंचवर कॅलिब्रेट करणाऱ्याकडंच न्या. गाडीवर बसल्या जागी डिझेलचा स्क्रू फिरवून "ओढ वाढवून देतो" म्हणणाऱ्याकडं नको. ओढ वाढते ती डिझेल जास्त टाकल्यामुळं. धूर आणि गरमी मागोमाग येतात.

कॉमन रेल असेल तर गाडी चालू असताना नळीचा नट ढिला करून सिलिंडर तपासायची जुनी पद्धत विसरायला लावा. रेलमधला दाब हजार बारच्या वर जातो. तो झोत कातडीतून आत घुसतो. जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट कापायची वेळ येते. इथं आधी स्कॅनर लावायचा, मग इंजेक्टरची रिटर्न टेस्ट. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला छोटी बाटली जोडून इंजिन चालवतात. ज्याची बाटली इतरांपेक्षा लवकर भरते तो इंजेक्टर आतून गळतोय. मग चारही बदलायची गरज नाही. अनेक गाड्यांत नवीन इंजेक्टरवरचा कोड गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये भरावा लागतो. तो भरला का, हे विचारा.

काम झाल्यावर जुने भाग परत मागून घ्या. मेकॅनिकल पंप असेल तर डिझेलच्या स्क्रूला सील मारून घ्या, आणि बेंचवर किती आरपीएमला किती डिझेल सेट केलं याचा कागद सही-तारखेसह घेऊन आरसी बुकासोबत ठेवा. पुढच्या वेळी कुणी पंपाकडं बोट दाखवलं, तर आधी तो कागद आणि सील दाखवा, आणि चाक जॅकवर उचलायला सांगा.